उंडीपासून सुरुवात करा: वनस्पतींतल्या रेणूंची विषाणूंविरुद्ध संगणकावर चाळणी

कोकणच्या किनाऱ्यावर राहणाऱ्याला उंडीची ओळख करून द्यावी लागत नाही. जाड चकचकीत पानं, पांढरी सुवासिक फुलं, गोल हिरवी फळं. बियांचं तेल पूर्वी दिव्यात जळायचं, होडीच्या लाकडाला लागायचं. याच झाडाच्या मलेशियातल्या नमुन्यांमधून इनोफायलम नावाचे रेणू वेगळे केले गेले आणि १९९३ मध्ये त्यांची मोजमापं प्रसिद्ध झाली. इनोफायलम बी आणि इनोफायलम पी हे दोन रेणू एचआयव्ही-१ विषाणूच्या रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज या एन्झाइमला अडवतात. एन्झाइमचं काम निम्म्यावर आणायला अनुक्रमे ३८ आणि १३० नॅनोमोलर एवढी संहती पुरली. त्यांचेच भाऊबंद असलेले इनोफायलम ए, सी, डी आणि ई मात्र फारच कमी प्रभावी किंवा अगदीच निष्प्रभ ठरले.

म्हणजे कोणता रेणू चालतो, कोणता चालत नाही आणि चालतो तो किती, हे सगळं इथे आधीच मोजलेलं आहे. संगणकावरची चाळणी शिकायची असेल तर सुरुवात अशाच ठिकाणी करावी, असं माझं ठाम मत आहे. रत्नागिरी, सावंतवाडी, दापोलीकडच्या कॉलेजांत वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र किंवा फार्मसी शिकणाऱ्या, डॉकिंगला, म्हणजे रेणू प्रथिनात कसा बसेल याच्या संगणकी अंदाजाला, पहिल्यांदाच हात घालणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितो आहे. बहुतेक जण तुळस, गुळवेल आणि कोरोनाचं प्रथिन घेऊन बसतात. उणे सात, उणे आठ, उणे नऊ अशा आकड्यांचं कोष्टक तयार होतं आणि त्यातलं खरं किती, हे ताडून बघायला हाताशी काहीच नसतं. उत्तर ठाऊक असलेलं गणित आधी सोडवलं, की आपली पद्धत कुठे बरोबर चालते आणि कुठे फसते ते डोळ्यांनी दिसतं.

डॉकिंग करतं काय

विषाणूला वाढायला स्वतःची काही प्रथिनं लागतात. त्यांच्या पृष्ठभागावर खोबणी असतात. एखादा लहान रेणू त्या खोबणीत घट्ट बसला तर प्रथिनाचं काम थांबू शकतं. डॉकिंगचं सॉफ्टवेअर रेणूला वळवून, फिरवून, वाकवून खोबणीत शेकडो तऱ्हांनी बसवून बघतं आणि प्रत्येक बैठकीला एक अंदाजे ऊर्जा देतं, किलोकॅलरी प्रति मोल या एककात. आकडा जितका जास्त उणे, तितकी बैठक घट्ट असावी असा अंदाज. अंदाज हा शब्द पुढे पावलोपावली लक्षात ठेवा. रेणू पेशीत शिरतो का, यकृतात टिकतो का, विषारी आहे का, यातलं काहीही डॉकिंग सांगत नाही.

पायरी १: तयारी

आठ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप पुरतो. ऑटोडॉक व्हिना हे डॉकिंगचं सॉफ्टवेअर मोफत आहे. २०१० साली त्याच्यावरचा निबंध आला आणि आजही ते जगभर वापरलं जातं. फाइली तयार करायला ऑटोडॉक टूल्स, एका प्रकारच्या फाइलचं दुसऱ्या प्रकारात रूपांतर करायला ओपन बॅबल, आणि रचना बघायला यूसीएसएफ कायमेरा-एक्स, जे शैक्षणिक वापरासाठी मोफत मिळतं. प्रत्येक सॉफ्टवेअरची आवृत्ती वहीत लिहून ठेवा. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून प्रत्येक रेणूचा निकाल वेगळ्या फाइलमध्ये साठेल अशीच मांडणी करा. चाळणी मध्येच तुटली तर उरलेल्या रेणूंपासून पुढे जाता येतं.

पायरी २: प्रथिन निवडणं आणि स्वच्छ करणं

प्रथिनांच्या त्रिमितीय रचना प्रोटीन डेटा बँकेत, म्हणजे पीडीबीत, कुणालाही फुकट मिळतात. आपल्याला हवी असलेली रचना आहे १व्हीआरटी (एक अंक, मग व्ही, आर, टी). एचआयव्ही-१ चं रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज, आणि त्याच्या खोबणीत नेव्हिरापीन हे औषध बसलेलं. नेव्हिरापीनला १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. रचनेची स्पष्टता २.२ अँगस्ट्रॉम आहे. हा आकडा जितका लहान तितकी रचना स्पष्ट. नवशिक्याने शक्यतो २.५ च्या वरची रचना घेऊ नये.

औषध आत बसलेलीच रचना घ्या, हा माझा आग्रह आहे आणि त्याला कारण आहे. याच एन्झाइमची औषधाशिवायची रचना १डीएलओ या नावाने पीडीबीत आहे. दोन्ही कायमेरा-एक्समध्ये एकमेकींवर बसवून बघा. रिकाम्या रचनेत ही खोबण जवळजवळ नाहीच! टायरोसिन १८१ आणि टायरोसिन १८८ या अमिनो आम्लांच्या (आकडा म्हणजे प्रथिनातला क्रमांक) बाजूच्या साखळ्या आत वळून जागा भरून टाकतात. औषध येतं तेव्हा त्या बाजूला सरकतात आणि खोबण उघडते. रिकाम्या रचनेवर डॉकिंग केलंत तर खरंखुरं, बाजारात असलेलं औषधसुद्धा नापास होईल. व्हिना नेहमीच्या पद्धतीत प्रथिनाला ताठ धरतं, त्यामुळे रचना निवडण्याचा हा निर्णय सगळ्या आकड्यांच्या आधी येतो आणि सगळ्या आकड्यांवर परिणाम करतो.

आता स्वच्छता. पाण्याचे रेणू काढा, नेव्हिरापीन वेगळ्या फाइलमध्ये जपून ठेवा, प्रथिनाला हायड्रोजन जोडा आणि पीडीबीक्यूटी या व्हिनाला लागणाऱ्या फाइल-प्रकारात साठवा. या एन्झाइमच्या दोन साखळ्या आहेत, पी६६ आणि पी५१. खोबण पी६६ मध्ये आहे म्हणून दुसरी साखळी सरसकट उडवायची सवय अनेकांना असते. तसं करू नका, कारण पी५१ मधलं ग्लुटामेट १३८ खोबणीच्या तोंडाशीच येतं. कोणतीही साखळी, धातूचा अणू किंवा पाण्याचा रेणू काढण्याआधी तो खोबणीपासून किती दूर आहे ते मोजा.

पहिल्या सरावासाठी कोरोनाचं ६एलयू७ मी का सुचवत नाही, तेही सांगतो. त्या रचनेत एन३ नावाचा रेणू सिस्टीन १४५ शी रासायनिक बंधाने जोडलेला आहे. व्हिना असा बंध हिशेबात घेत नाही, ते फक्त स्पर्शाची, सैल आकर्षणाची ऊर्जा मोजतं. म्हणून तिथे मूळ रेणूशी तुलना करून पद्धत तपासणं अवघड जातं. नेव्हिरापीन बंध न करता नुसतं बसतं, त्यामुळे तुलना स्वच्छ होते.

पायरी ३: नेव्हिरापीन परत जागेवर बसतं का

वेगळं ठेवलेलं नेव्हिरापीन व्हिनाला द्या आणि ते प्रथिनात बसवायला सांगा. शोधायच्या जागेची एक चौकट आखावी लागते. तिचं केंद्र मूळ नेव्हिरापीनच्या मध्याशी ठेवा, प्रत्येक बाजू साधारण २२ अँगस्ट्रॉम. चौकट अख्ख्या प्रथिनाभर पसरली तर शोध विस्कळीत होतो. बाजू ३० च्या पुढे गेल्या की व्हिना स्वतःच इशारा देतं.

मग व्हिनाने सुचवलेली पहिली बैठक आणि क्ष-किरणांनी दिसलेली खरी बैठक यांतलं अंतर मोजा. याला आरएमएसडी म्हणतात, आणि ओपन बॅबलबरोबर येणाऱ्या ओबीआरएमएसने ते निघतं. रूढ मर्यादा २ अँगस्ट्रॉमची. मोजताना दोन्ही रेणू एकमेकांवर सरकवून जुळवू नका, जागच्या जागी मोजा. सरकवलंत तर उत्तर खोटं चांगलं येतं. अंतर २ च्या वर आलं तर इथेच थांबा. चौकट, हायड्रोजन, साखळ्या पुन्हा तपासा. ही पायरी पार होईपर्यंत एकही वनस्पतीचा रेणू आत घालू नका.

पायरी ४: रेणूंची यादी

वनस्पतींतल्या रेणूंसाठी दोन ठिकाणं पुरेशी आहेत. एक पबकेम, अमेरिकी सरकारी संग्रह. दुसरं इम्पॅट, चेन्नईच्या इन्स्टिट्यूट ऑफ मॅथेमॅटिकल सायन्सेसमध्ये तयार झालेला भारतीय औषधी वनस्पतींचा संग्रह. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत ४,०१० वनस्पती आणि १७,९६७ रेणू आहेत. वनस्पतीचं शास्त्रीय नाव टाकलं की तिच्यातले नोंदलेले रेणू, कोणत्या भागात सापडले त्यासकट मिळतात.

पहिली यादी छोटी ठेवा, पण हेतुपूर्वक. इनोफायलम बी आणि पी हवेतच. कॅलॅनोलाइड ए घ्या: बोर्निओच्या सारवाक भागातल्या, उंडीच्याच वंशातल्या एका झाडातून निघालेला आणि याच खोबणीत बसणारा रेणू. त्याची आरशातली प्रतिमासुद्धा घ्या. उजवा, म्हणजे अधिक चिन्हाचा कॅलॅनोलाइड ए विषाणूला अडवतो, डावा अडवत नाही. निष्प्रभ ठरलेले इनोफायलम ए, सी, डी, ईही यादीत घाला. मग आपल्या परिसरातले आणि या एन्झाइमशी संबंध असण्याचं काही कारण नसलेले रेणू: कोकमातलं गार्सिनॉल आणि हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल, आंब्यातलं मॅन्जिफेरिन, अडुळशातलं व्हॅसिसिन, कुड्यातलं कॉनेसिन. सुरंगी उंडीच्याच कुळातली आहे. वेंगुर्ल्याकडच्या कुणाला तिचे रेणू शोधून यादीत घालावेसे वाटले तर जरूर घाला.

इथे सर्वांत जास्त चुका त्रिमितीय मांडणीच्या होतात. अनेक संग्रहांत रेणूचं चपटं चित्र असतं आणि कोणता अणू पुढे, कोणता मागे, ही माहिती गळलेली असते. ओपन बॅबल अशा वेळी स्वतःच्या मनाने एक मांडणी निवडतं आणि तुम्हाला कळतही नाही. इनोफायलमांमधला बराचसा फरक या मांडणीचाच आहे, हे लक्षात ठेवा. प्रत्येक रेणूची मांडणी मूळ निबंधाशी ताडून बघा. नंतर शरीरातल्या ७.४ सामूला रेणू कोणत्या रूपात असेल ते ठरवा. हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल तिथे प्रोटॉन सोडून ऋणभारित होतं, कॉनेसिनच्या नायट्रोजनवर प्रोटॉन चढतो. व्हिना विद्युतभार थेट वापरत नाही, पण हायड्रोजन कुठे आहे यावरून हायड्रोजन बंध मोजतं, म्हणून रूप चुकलं की आकडाही चुकतो. अशा जास्त भारित रेणूंच्या आकड्यांवर एकूणच कमी भिस्त ठेवावी.

पायरी ५: चाळणी चालवणं

चौकट आणि प्रथिन आधीचंच. शोधाची सखोलता व्हिनात ८ ठरलेली असते. ती १६ किंवा ३२ करा. प्रत्येक रेणू वेगवेगळ्या यादृच्छिक बीजांनी (शोध कुठून सुरू होतो ते ठरवणारे आकडे) काही वेळा चालवा, आणि बीज लिहून ठेवा. प्रत्येक वेळी बैठक निराळीच येत असेल तर तो निकाल कच्चा समजा. एका रेणूला काही मिनिटं लागतात, त्यामुळे अशी यादी रात्रीत सहज होते.

पायरी ६: आकडे वाचणं

खरं काम इथून पुढे. कोष्टक उघडल्यावर सगळ्यात उणे आकडा शोधायचा मोह आवरा आणि आधी हे बघा: चालणारे रेणू न चालणाऱ्यांपेक्षा वर आले का? कॅलॅनोलाइडचा उजवा हात डाव्यापेक्षा वर आहे का? इनोफायलम बी आणि ए यांच्यात फरक पडला का? अनेकदा पडत नाही, किंवा अर्ध्या किलोकॅलरीचा पडतो. तसं झालं तर ती फार मोलाची माहिती आहे: या खोबणीत तुमची पद्धत जवळच्या भावंडांना वेगळं ओळखू शकत नाही. हे कळल्यावर तुम्ही इतर कुठल्याही यादीत उणे ८.७ आणि उणे ९.० मधल्या फरकावर मजले चढवणार नाही.

हिशेब असा आहे. सामान्य तापमानाला १.३६ किलोकॅलरीचा फरक म्हणजे पकडीच्या ताकदीत दहापट फरक. व्हिनाच्या अंदाजातली चूक साधारण २ ते ३ किलोकॅलरींची असते. म्हणजे एका रेणूच्या आकड्यावरून पकडीची ताकद सांगायला गेलं तर उत्तर शंभरपटीने इकडचं तिकडे होऊ शकतं. म्हणून चाळणीचा उपयोग मोठ्या यादीतून बघण्याजोगे थोडे निवडण्यापुरता. त्या थोड्यांतला पहिला कोण आणि तिसरा कोण, हे त्यातून ठरत नाही.

दुसरा सापळा आकाराचा. व्हिना अणूगणिक आकर्षण मोजत जातं, त्यामुळे मोठ्या रेणूला आयताच जास्त उणे आकडा मिळतो. रुटीन हे अनेक वनस्पतींत असतं, वजन सुमारे ६१०, हायड्रोजन सोडून ४३ अणू. नेव्हिरापीनचे फक्त २० अणू, वजन २६६. समजा रुटीनला उणे ९.२ आणि नेव्हिरापीनला उणे ८.५ मिळाले. अणूंच्या संख्येने भागा: रुटीनचे दर अणूमागे ०.२१, नेव्हिरापीनचे ०.४३. आता चित्र उलटलं. वनस्पतींवरच्या कितीतरी निबंधांत शर्करा जोडलेले मोठे फ्लेव्होनॉइड्स पहिल्या क्रमांकावर असतात, त्यामागे बऱ्याचदा एवढंच कारण असतं. शिवाय रुटीन गिळल्यावर आतड्यातले जिवाणू त्याची शर्करा तोडतात, त्यामुळे डॉक केलेला अख्खा रेणू रक्तात फारसा पोचतच नाही.

तिसरी गोष्ट, बैठक डोळ्यांनी बघा. या खोबणीत टायरोसिन १८१, १८८ आणि ट्रिप्टोफॅन २२९ यांच्या चपट्या कड्यांशी रेणू लागून बसतो का, लायसिन १०३ च्या बाजूला काय आहे, ते तपासा. लायसिन १०३ किंवा टायरोसिन १८१ बदललेले विषाणू नेव्हिरापीनला दाद देत नाहीत, यावरून या जागांचं महत्त्व कळतं. आकडा चांगला आणि रेणूचं अर्धं अंग खोबणीबाहेर लोंबत असेल तर तो रेणू बाजूला ठेवा. उरलेल्या दोन-चार रेणूंवर ग्रोमॅक्स हे सॉफ्टवेअर वापरून रेणूंच्या हालचालींचं अनुकरण करता येतं. बैठक काही वेळ टिकते का एवढं त्यातून कळतं. ते पुढच्या इयत्तेचं काम आहे, घाई नको.

पायरी ७: औषध होण्याजोगा रेणू

लिपिन्स्कीचे १९९७ चे निकष सगळे सांगतात: वजन ५०० पर्यंत, लॉगपी (रेणू पाण्यापेक्षा तेलात किती विरघळतो याचं माप) ५ पर्यंत, हायड्रोजन देणारे गट ५ पर्यंत, घेणारे १० पर्यंत. स्विसएडीएमई या संकेतस्थळावर हे काही सेकंदांत मिळतं. मात्र हे निकष तोंडाने घ्यायच्या औषधांच्या शोषणाबद्दलचे आहेत, आणि नैसर्गिक रेणू त्यांना अपवाद ठरलेले आहेत. गार्सिनॉलचं वजन ६०३ च्या आसपास आहे एवढ्यावरून त्याला फेकू नका, पण अडचण लिहून ठेवा.

याहून महत्त्वाची चाळणी आहे पेन्सची, म्हणजे प्रयोगात वारंवार खोटा होकार देणाऱ्या रेणूंची यादी. ती २०१० मध्ये मांडली गेली. हळदीतलं करक्युमिन याचं ठळक उदाहरण: ते प्रथिनांना चिकटतं, प्रकाश देऊन मोजणीत गोंधळ करतं, लवकर विघटित होतं, म्हणून जवळजवळ प्रत्येक चाचणीत काहीतरी करताना दिसतं. तुमच्या यादीत पहिलं नाव करक्युमिन किंवा क्वेर्सेटिन आलं तर आनंद पुढे ढकला.

पायरी ८: आपल्या भागातले ताप

उंडीचा सराव झाला की आपल्या जिल्ह्यातल्या आजाराकडे वळावंसं वाटणारच, आणि वळावंच. सिंधुदुर्गात दोडामार्ग, सावंतवाडी पट्ट्यात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण सापडत आहेत. हा विषाणू १९५७ मध्ये शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात ओळखला गेला, तो गोचिडींतून पसरतो आणि काजूच्या बागेत, रानात जाणाऱ्यांना गाठतो. त्यावर खास असं मान्यताप्राप्त विषाणूविरोधी औषध नाही. तो डेंग्यूच्याच फ्लेव्हिव्हायरस गटातला आहे.

डेंग्यूच्या एनएस२बी-एनएस३ प्रोटिएजची (विषाणूचं प्रथिनं तोडणारं एन्झाइम) ३यू१आय ही रचना आत अडवणारा रेणू असलेली मिळते. पण एक अडचण आधीच समजून घ्या: या प्रोटिएजची खोबण उथळ आणि भारित आहे. एचआयव्हीच्या खोल, तेलकट खोबणीत जे आकडे येतात ते इथे येणार नाहीत, आणि आले तर शंका घ्या. माकडतापाच्या प्रथिनांसाठी आधी पीडीबीत शोधा. हव्या त्या प्रथिनाची रचना नसेल तर संगणकाने वर्तवलेली रचना वापरता येते, मात्र खोबणीच्या भागातला विश्वासांक तपासूनच.

गावातल्या वैदूंकडून, आजीकडून माहिती घेताना एक प्रश्न जरूर विचारा: कोणता ताप? 'तापावर' म्हणून दिलेली मुळी डेंग्यूवर होती, माकडतापावर होती की लेप्टोवर? लेप्टोस्पायरोसिस तर जिवाणूचा आजार आहे, त्याच्यासाठी विषाणूचं प्रथिन धरून बसण्यात अर्थच नाही. लक्षणं, ऋतू, झाडाचा कोणता भाग, कसा काढला, हे सगळं विचारा. गावाची लोक जैवविविधता नोंदवही झाली असेल तर तीही बघा. ज्यांनी माहिती दिली त्यांचा उल्लेख त्यांच्या संमतीने करा.

पायरी ९: प्रयोगशाळेच्या दारात

संगणकावर निवडलेला रेणू पुढे एन्झाइमवर, मग पेशींवर तपासला जातो. दोन्हींतलं अंतर उंडीच्याच आकड्यांत दिसतं: इनोफायलम बीला एन्झाइमवर ३८ नॅनोमोलर पुरले, पेशींतल्या विषाणूसाठी १.४ मायक्रोमोलर, म्हणजे सुमारे ३७ पट लागले. पेशींच्या चाचणीत विषाणू निम्मा करणारी संहती आणि पेशी निम्म्या मारणारी संहती, दोन्ही मोजतात, आणि त्यांचं गुणोत्तर बघतात. सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात, ज्याला अमृताही म्हणतात, कॅम्पटोथेसिन असतं. ते पेशींच्या डीएनएच्या कामात अडथळा आणून पेशी मारतं, त्यावरूनच कर्करोगाची औषधं तयार झाली. असा रेणू विषाणू कमी झाल्याचं सहज दाखवेल, कारण विषाणू जिच्यात वाढायचा ती पेशीच मेलेली असेल.

तिथवर जाण्याआधी झाडाची ओळख पक्की करा. फुला-फळांसह दाबून वाळवलेला नमुना, जागा, तारीख, अक्षांश-रेखांश यांसह पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्रात किंवा आघारकर संशोधन संस्थेत तपासून घेता येतो. सारवाकमध्ये कॅलॅनोलाइड देणाऱ्या मूळ झाडाकडे संशोधक परत गेले तेव्हा ते तोडलेलं होतं, आणि त्याच जातीच्या इतर झाडांत तो रेणू जेमतेम सापडला. झाडागणिक, ऋतूगणिक रसायन बदलतं. नमुन्याची नोंद नसेल तर तुमचा निकाल कुणालाच पुन्हा मिळवता येणार नाही. कॅलॅनोलाइड ए माणसांवरच्या सुरुवातीच्या चाचण्यांपर्यंत गेला, अजून औषध झालेला नाही; मात्र सारवाक सरकार त्या कामात भागीदार झालं, ही गोष्ट आपल्या ग्रामसभांनी आणि जैवविविधता समित्यांनी लक्षात घ्यावी. व्यावसायिक वापराचा विचार असेल तर २००२ च्या जैवविविधता कायद्यातल्या अटी आधी वाचा.

निष्कर्ष लिहिताना 'अमुक वनस्पती तमुक आजार बरा करते' असं वाक्य कुठेही येऊ देऊ नका, गावातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर मुळीच नाही. डॉकिंगच्या जोरावर कुणी उंडीचं तेल प्यायला लागलं तर इजा होईल. लिहायचं ते एवढं: या प्रथिनाच्या या रचनेवर, या चौकटीत, या आवृत्तीने, ज्ञात औषधाची बैठक इतक्या अंतराने परत मिळाली; चालणारे आणि न चालणारे रेणू असे वेगळे पडले किंवा पडले नाहीत; आणि त्यावरून हे दोन रेणू एन्झाइमवर तपासावेत असं वाटतं. प्रथिनाची तयार फाइल, रेणूंच्या फाइली, चौकटीचे आकडे आणि बीज सोबत जोडा. प्रयोगशाळेतला माणूस आधी नेव्हिरापीनचा आरएमएसडी विचारेल, आणि तो तुमच्याकडे लिहिलेला असेल.